विहीर, खाजण, सडा, किनारा: आज जे कराल त्याचं पुढे काय होईल? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकणातल्या गावांतून पाण्याचे प्रश्न मार्च-एप्रिलात येतात, खाजणाचे (खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीचे) आषाढ-श्रावणातल्या उधाणानंतर. जमीन चिरेखाणीला द्यायची का, किनाऱ्यावर खोल्या काढायच्या का, हे प्रश्न गणपतीत येतात, कारण मुंबईकर तेव्हा घरी असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वाचताना एक गोष्ट तपासत राहा: आज केलेलं उद्या परत फिरवता येईल का, आणि किती वर्षांत? काही चुका एका हंगामात दुरुस्त होतात. काहींना मुदत असते आणि ती संपली की निर्णय आपल्या हातात राहत नाही.

१. समुद्र नक्की किती वर येणार? कोणी म्हणतं कोकण बुडणार, कोणी म्हणतं काही होत नाही.

आयपीसीसी या हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली. २००६ ते २०१८ या काळातला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. पुढचा अंदाज १९९५ ते २०१४ च्या सरासरी पातळीपासून मोजलेला आहे. २०५० पर्यंत जगाने धूर कमी केला तर १५ ते २३ सेंटीमीटर, नाही केला तर २० ते २९. म्हणजे तोवर दोन्ही वाटांत फार फरक नाही. साधारण एक वीत पाणी वाढणार, हे धरूनच चालायचं. फरक पडतो तो २१०० ला: एका वाटेने २८ ते ५५ सेंटीमीटर, दुसरीने ६३ ते १०१.

वीतभर पाण्याने गाव बुडत नाही. पण उभ्या भिंतीवर वीतभर चढणारं पाणी सपाट जमिनीवर आडवं पसरतं. पाचशे मीटरमागे एक मीटर चढ असलेल्या खाजणात २० सेंटीमीटर म्हणजे शंभर मीटर आत. जे उधाण आज बांधाच्या माथ्याला वर्षातून एक-दोनदा टेकतं, ते पुढे वारंवार टेकेल. घराचं जोतं, बांधाची उंची, विहिरीची जागा ठरवताना ही वीत आजच हिशेबात धरा.

२. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिलात टँकर का लागतो?

जांभा दगड चाळणीसारखा आहे. सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) पडलेलं पाणी भोकांतून, भेगांतून खाली जातं, शेडी मातीच्या (जांभ्याखालच्या चिकण मातीच्या) थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. काळ्या बेसाल्टच्या खोल भेगांत फारच थोडं जातं. एक हेक्टर कातळावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन कोटी लिटर पाणी. ते बाहेर पडून खाडीला मिळायला काही आठवडे लागतील की काही महिने, यावर तुमचा उन्हाळा ठरतो.

उतारावर ऐन, किंजळ, जांभूळ असं मिश्र रान आणि पाचोळा असेल तर पाणी रेंगाळतं. तोच उतार एका दमात साफ करून काजू-आंब्याची एकसुरी लागवड केली, खालची झुडपं दरवर्षी मुळापासून काढली, की झरा डिसेंबरऐवजी नोव्हेंबरात आटतो. बाग लावूच नये असं नाही. झऱ्याच्या डोक्यावरचा पट्टा आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांचं दहा-दहा मीटर रान तेवढं सोडा. तोडलेलं रान परत उभं राहायला वीसेक वर्षं जातात, आणि आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

३. छपराचं पाणी साठवून उन्हाळा निघेल का?

पिण्या-रांधण्यापुरता नक्की, बहुतेक घरांत वापरापुरताही. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडतं, गळती आणि उडणं वजा जाता दोन लाख चाळीस हजार. पाच माणसांना माणशी ५५ लिटरप्रमाणे मार्च ते मे लागतं सुमारे २५ हजार. छप्पर पुरून उरतं, अडतं ते टाकीवर. नुसतं पिण्या-रांधण्याला माणशी दहा लिटर धरलं तर पाच हजारांची टाकी पुरते.

पन्हळ छपराच्या दोन्ही बाजूंना हवी, उतार मीटरला एक सेंटीमीटर, खाली उतरणारे पाइप ११० मिलिमीटरचे. पहिलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. दोन मिलिमीटर पावसाने छप्पर धुतलं जातं, म्हणजे १०० चौरस मीटरला एक २०० लिटरचं पिंप. ते भरल्यावरच पाणी पुढे गाळणीकडे वळेल अशी जोडणी करा, आणि पिंपाच्या तळाला बारीक भोक ठेवा, म्हणजे ते आपोआप रिकामं होऊन पुढच्या सरीला तयार असतं. गाळणीत खाली मोठी खडी, वर बारीक खडी, सगळ्यात वर धुतलेली नदीची वाळू. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी घालू नका.

हमखास होणारी चूक म्हणजे जूनमध्येच टाकी भरून झाकण लावणं. जूनच्या पाण्यात उन्हाळाभरचा पाचोळा, काजळी, पाखरांची घाण असते, आणि मार्चपर्यंत ते नऊ महिने जुनं होतं. पावसाळाभर टाकी वापरत राहा, भाद्रपदात उपसून घासा आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर शेवटची भरा. टाकीला उजेड लागला की शेवाळ आणि बारीक जाळी नसली की डास, दोन्ही ठरलेलं.

४. वनराई बंधारा कधी आणि कसा बांधायचा? आमचा दर वर्षी वाहून जातो.

पाऊस गेल्यावर पण व्हाळ वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. डिसेंबरात बांधलेला बंधारा फोटोपुरता असतो, अडवायला पाणीच उरलेलं नसतं. जागा अरुंद, दोन्ही काठ टणक, आणि वळणावर नको.

पाच मीटर रुंद व्हाळात एक मीटर उंचीचा बंधारा धरा. पायाची रुंदी दीड ते दोन मीटर, माथा पाऊण मीटर. त्याला सिमेंटच्या रिकाम्या पावणेदोनशे ते दोनशे गोण्या लागतात. गोणी दोन-तृतीयांशच भरा आणि तोंड सुतळीने शिवा. गच्च भरलेली गोणी शेजारणीला बिलगत नाही, मधून पाणी जातं. विटांसारखे सांधे चुकवून थर लावा. दोन रांगांमध्ये हातभर जागा ठेवून तिथे चिकणमाती पायाने तुडवून भरा.

बंधारा जातो तो तीन कारणांनी. पहिलं, तळाचा पाचोळा आणि रेती न काढता गोण्या मांडल्या, की पाणी खालून वाट काढतं. दुसरं, काठात ३०-४० सेंटीमीटर खोबणी करून गोण्या आत घुसवल्या नाहीत, की बाजूने काठ कापला जातो. तिसरं, मधला भाग बाजूंपेक्षा वीतभर खाली ठेवला नाही, की पाणी वाटेल तिथून पालथं होतं. माती कुठून आणता हेही पाहा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचा काठ खणून गोण्या भरल्या तर पुढच्या पावसात तो काठच खाली येतो.

मे संपायच्या आत गोण्या काढायच्या. उन्हाने विरलेल्या गोण्या पहिल्या पुरात फाटतात आणि त्यांचे पांढरे धागे खाडीत जाऊन मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतात. हे काम कोणाला आवडत नाही, म्हणून बांधायच्या दिवशीच कोण काढणार ते ठरवा. खालच्या वाडीची तक्रार असेल तर प्रश्न १२ पाहा.

५. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. विहीर मेमध्ये आटते. बोअर मारू का?

आधी मेमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मापक आणून विहिरीचं पाणी मोजा, तेही उधाणाच्या दिवशी. पिण्याच्या पाण्यासाठी मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं. समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास असतं, त्यामुळे शंभर लिटरमध्ये दोन लिटर समुद्र मिसळला तरी मापक ७०० ने उडी मारतं.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. रेताड जमिनीत साधा हिशेब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उपशाने वरची पातळी अर्धा मीटर उतरली तर खारं पाणी वीस मीटर वर सरकतं. खोल बोअर म्हणजे त्या खाऱ्याच्या दिशेने घातलेली नळी. शिवाय कोकणात खाली बेसाल्ट आहे. तिथे पाणी भेगांतून चालतं, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागत नाही. भेग खाडीला जोडलेली निघाली तर शेजारची बोअर गोडी आणि तुमची पहिल्याच दिवशी खारी, असं होतं.

तीन हॉर्सपॉवरचा पंप तासभर चालवण्यापेक्षा अर्ध्या हॉर्सपॉवरचा चार वेळा थोडा थोडा चालवा. तळाशी किमान एक मीटर पाणी कायम राहू द्या. विहीर खोल करायची असेल तर समुद्रसपाटीच्या खाली जाऊ नका, त्याऐवजी वरच्या अंगाला पाणी मुरवा. दर महिन्याला टीडीएस वहीत लिहा. मे ते मे आकडा ३०० चा ६०० झाला तर उपसा निम्मा करा. त्याच वेळी थांबलात तर दोन-तीन पावसाळ्यांत विहीर सावरू शकते. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, मग लक्ष गेलं, तर तोवर बराच उशीर झालेला असतो आणि शेजारच्यांच्या विहिरीही त्याच वाटेवर असतात.

६. शोषखड्डा विहिरीपासून किती लांब हवा?

किमान १५ मीटर म्हणतात. जांभ्यात ते पुरत नाही, ३० धरा, आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. मातीतून झिरपताना घाण गाळली जाते. जांभ्याच्या भोकांतून ती गाळली जात नाही, वाहते. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी जास्त जपावं. दहा खोल्या, वीस माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे रोजचे २,७०० लिटर सांडपाणी, आणि गर्दी नेमकी मेमध्ये, विहिरीत पाणी सगळ्यात कमी असताना. तळ-भिंती पक्क्या बांधलेली टाकी करा, तिचं पाणी केळी-अळूच्या वाफ्यात सोडा. जीवाणू तपासायची बाटली स्वस्त मिळते. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवली आणि काळी पडली, तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

७. खारबंदिस्तीला (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड पडली आहे. सरकारी काम मंजूर होईपर्यंत थांबू की आम्हीच बुजवू?

थांबू नका. या पानावरचा हाच असा प्रश्न आहे की ज्याचं उत्तर दिवसांत मोजायचं. खांड दर भरती-ओहोटीला कापली जाते. आज दोन मीटरची असलेली पुढच्या उधाणाला पाच मीटरची होते, आणि मग गावाच्या हातची राहत नाही. अर्ज खारभूमी विभागाकडे आजच द्या, फोटो आणि तारखेसह. काम मात्र गावकीने सुरू करा.

दिवस भांगाचा, म्हणजे भरती लहान असते तो निवडा, अष्टमीच्या आसपासचा. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर दोन दिवस हात लावू नका. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची जुनी रीत मुंबई-रायगडकडे अजून चालते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, बाराला ओहोटी. कामाला हात घालायचा तो पाणी उतरायला लागल्यावर.

खांडीच्या दोन्ही बाजूंनी खुंटांच्या दोन रांगा ठोका, मध्ये मीटर-दीड मीटर अंतर. रांगांच्या आत बांबूची चटई किंवा झावळ्या, मग पेंढा आणि खाजणाची चिकण एकाआड एक, प्रत्येक थर तुडवून. दोन्ही टोकांकडून मध्ये या. शेवटचं हातभर तोंड ओहोटीच्या अगदी तळाला, सगळे हात लावून, एकाच दमात बुजवायचं. माती बांधाच्या पायथ्याला लागून काढू नका, तीन मीटर तरी सोडा, नाहीतर बांध त्याच खड्ड्यात बसतो. समुद्राकडचा उतार सपाट ठेवा, एकास तीन. लाल माती किंवा मुरूम वापरू नका, भिजला की विरघळतो.

खांड मुळात का पडली तेही शोधा. बहुधा चिंबोऱ्यांचं बीळ, उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) बाजूची गळती, किंवा माथ्यावरून मोटारसायकली नेऊन पडलेलं चाकोरं. उघाडीची झडप ओहोटीला उघडते आणि भरतीला आपोआप मिटते. तिच्यात अडकलेलं एक ओंडकं रात्रभर खारं पाणी आत घेऊ शकतं. श्रावणातल्या उधाणांना रात्रीची फेरी ठेवा.

पाणी बंद झाल्यावर जमीन पावसाने धुऊन घ्यायची: पाणी कोंडायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं, पुन्हा कोंडायचं. खोल नांगरट नको, खालचं मीठ वर येतं. मातीची क्षारता मीटरला ४ डेसिसायमेन्सच्या खाली येईपर्यंत साधं भात टिकत नाही. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, २, ३ हे वाण खारटपणा सोसतात, आणि जुनी राता किंवा बुरारता मिळत असेल तर बियाणं जपून ठेवा. एक भरती आत आली तर जमीन एका पावसाळ्यात धुऊन निघते, वर्षभर पाणी खेळलं तर दोन-तीन लागतात. त्यापुढे काय होतं ते प्रश्न ८ मध्ये.

८. बांध फुटून काही वर्षं झाली. खाजणात तिवरं उगवली आहेत. सातबारा आमचा, मग कापू का शकत नाही?

तिवराचं बी पावसाळ्यात पाण्यावर तरंगत येतं आणि जिथे भरती-ओहोटीचा चिखल मिळेल तिथे रुजतं. फुटक्या बांधाचं शेत ही त्याच्यासाठी तयार वाफाच. दोन-तीन पावसाळ्यांत रोपं धरली, की कायद्याने ते कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम आदेशाने राज्यभर कांदळवन तोडायला, त्यात भराव टाकायला बंदी केली. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही ती लागू आहे. मालकी खाजगी असली तरी सूट नाही. पेण-अलिबागकडे यावरून शेतकऱ्यांच्या मनात राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे: बांध दुरुस्त झाला नाही यात त्यांची चूक नव्हती.

तरीही रात्री पोकलेन लावून साफ करणाऱ्यांचं भलं झालेलं नाही. गुन्हा दाखल होतो, जमीन पूर्ववत करण्याचा खर्च अंगावर येतो, आणि उपग्रहाची चित्रं वर्षवार उपलब्ध असल्याने आधी काय होतं ते लपत नाही. रोपटी गुडघ्याएवढी असली तरी उपटण्याआधी तहसीलदार आणि कांदळवन कक्षाकडे लेखी विचारा.

जमीन कामाची राहतेच, काम बदलतं. तिवरं तशीच ठेवून खेकडा, जिताडा, कालवं यांचं पालन करता येतं. त्यासाठी राज्याची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून आहे आणि ती गटांमार्फत चालते. उत्पन्न भातापेक्षा कमी असेलच असं नाही, पण भात घरात येतो आणि खेकडा बाजारावर अवलंबून असतो. हा फरक कोणतीही योजना पुसत नाही.

९. तिवरांनी लाटा अडतात म्हणतात, मग किनाऱ्यावर तिवरंच लावू का? की दगडी बंधारा बरा?

उघड्या रेतीच्या किनाऱ्यावर तिवरं जगत नाहीत. त्यांची जागा खाडीत, चिखलात. तिथे तिवर, कांदळ, चिपी काठ धरून ठेवतात. पांढरी चिपी हा तर २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. वाळूवर लाट आली की झाड उपटून जातं आणि लागवडीचा फलक तेवढा उरतो.

वाळूचा किनारा वाळूच राखते. पावसाळ्यात लाटा वाळू आत ओढतात, ऑक्टोबरनंतर परत आणून टाकतात. त्या येण्या-जाण्याला मोकळी जागा हवी. मर्यादवेल, रावणाच्या मिशा, केवडा, त्यामागे उंडी, भेंड, करंज असा पट्टा टेकाड धरून ठेवतो. गाड्या वाळूवर नेल्या की मर्यादवेल एका मोसमात संपते. सुरूचा वृक्ष सावली आणि फोटो चांगले देतो, पण त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही आणि पायाखालची वाळू गेली की तो ओळीने आडवा होतो.

दगड किंवा टेट्रापॉडच्या भिंतीवर लाट आपटते, मागे फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. काही वर्षांत भिंतीसमोरची पुळण (वाळूचा पट्टा) नाहीशी होते आणि भिंत खचते, म्हणून पुन्हा दगड. भिंत जिथे संपते तिथून पुढच्या वाडीची धूप वाढते, मग ती वाडीही भिंत मागते. रत्नागिरीजवळचं मिऱ्या किंवा मालवणजवळचं देवबाग, जिथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये घरं, तिथे मागे सरकायला जागाच नाही. तिथे भिंतीशिवाय इलाज नाही हे मान्य. पण मागे पन्नास मीटर मोकळी जागा असलेल्या गावाने भिंत मागू नये. एकदा बांधली की ती काढता येत नाही. वेळाससारख्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांनाही पुळण लागते, दगड नव्हे.

१०. किनाऱ्यापासून किती अंतरावर खोल्या बांधता येतात?

१८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे समुद्राकडे भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत नियम लागू. ग्रामीण भागात २०० मीटर बांधकाम नाही. २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्ती चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ५० मीटर. खाडीकडे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल ते. मात्र कांदळवन असेल तर प्रश्न ८ मधला पट्टा वेगळा मोजावा लागतो, आणि घोटाळा बहुतेक इथेच होतो. अंतर पाणी दिसतं तिथून मोजत नाहीत, मंजूर नकाशावरच्या भरतीरेषेपासून मोजतात. जुनं अधिकृत घर त्याच जोत्यावर, त्याच आकारात दुरुस्त करता येतं. २०१ व्या मीटरला बांधणाऱ्यांनी प्रश्न १ पुन्हा वाचावा.

११. सडा नुसता पडून आहे. चिरेखाणीला दिला तर काय बिघडलं? खड्ड्यात पाणीही साठेल.

सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलेला सडा हीच खालच्या वाडीच्या विहिरीची टाकी असते (प्रश्न २). चिरा काढला की ती टाकीच विकली जाते. जांभा तयार व्हायला लाखो वर्षं लागली, त्यामुळे हा निर्णय कुठल्याच बाजूने फिरत नाही. खड्ड्यात पाणी साठेल की नाही हे तळ ठरवतो. शेडी मातीपर्यंत खणलं तर साठतं, पण ते उघडं, गढूळ असतं आणि वाडीच्या झऱ्याचंच वळवलेलं असतं. वरच थांबलं तर दिवाळीपर्यंत मुरून जातं. अस्तर घालायचं तर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद लागतो, आणि चिऱ्याच्या धारदार कडांनी तो फाटतो, म्हणून आधी कडा मातीने लिंपाव्या लागतात.

द्यायचाच असेल तर करारात हे लिहून घ्या: खोली किती, पाणीपातळीच्या वर किमान दोन मीटर जांभा शिल्लक, झऱ्यापासून अंतर, वरची पातळ माती वेगळी राखून शेवटी परत टाकणं, आणि कुंपण. उभ्या भिंतींच्या खाणीत पडलेलं गुरू, आणि पोरही, वर येऊ शकत नाही. आधी एकदा भाद्रपदात सडा फिरून घ्या. तेव्हा तो सीतेची आसवं या रानफुलांनी निळा-जांभळा असतो. मग उन्हाळ्यात सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा फिरा. कातळशिल्पाची रेघ तेव्हा दिसते. कशेळी, उक्षी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी अशा ठिकाणची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि नोंद न झालेली अजून सापडतात.

१२. आम्ही बंधारा बांधला आणि खालच्या वाडीचा व्हाळ आटला, असं ते म्हणतात. खरं असतं का?

पहिल्या आठवड्यात खरं असतं. डोह भरेपर्यंत खाली पाणी कमीच जातं. डोह भरल्यावर वरून वाहू लागतं, आणि काठात मुरलेलं पाणी पुढे काही आठवडे खालच्या अंगाला पाझरत राहतं, त्यामुळे जानेवारीत खालचा व्हाळ पूर्वीपेक्षा जास्त दिवस ओला राहू शकतो. पण बंधाऱ्यावर पंप बसवला की हे गणित मोडतं. भांडण बंधाऱ्याचं असतं असं वाटतं, असतं पंपाचं.

बांधायच्या आधी दोन्ही वाड्यांसमोर प्रवाह मोजा. व्हाळाचं सगळं पाणी एका पाइपातून काढा आणि १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते तीनदा मोजून सरासरी लिहा. बंधाऱ्याच्या तळाशी ७५ मिलिमीटरचा पाइप टाकून त्याला बूच बसवा, डोह भरेपर्यंत तो निम्मा उघडा ठेवा. खाली त्याच जागी आठवड्याला बादली लावा. पंप असेल तर त्याचे तास ठरवा, फेब्रुवारीनंतर निम्मे करा, आणि वही खालच्या वाडीतल्या कोणाकडे तरी राहू द्या.